तिसरा धक्का

आमच्या घरी एक नियम होता, आणि तो वडिलांनी स्वतःच्याच विरुद्ध केला होता. अंगणातल्या पांढऱ्या गाडीला तिसऱ्यांदा धक्का द्यावा लागला, की ती विकायची.

वडील, म्हणजे आमचे अण्णा, एकतीस वर्षे एसटीत चालक होते आणि त्यांतली बावीस त्यांनी कन्नड आगारात काढली. घाटातले धुके त्यांना पाठ होते. निवृत्तीनंतर त्यांनी ही जुनी, छोटी गाडी घेतली, पडेगावच्या आमच्या घरापुढे शेवग्याखाली उभी केली, आणि पुढच्या तीन वर्षांत काचबिंदूने त्यांची नजर कडांकडून आत पोखरत जवळजवळ संपवली. डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली. घरी येऊन अण्णांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काढली. चालवायची नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. चालू करायची नाही, असे म्हणाले नव्हते.

तेव्हापासून रोज इंजिनाच्या आवाजाने मला जाग येई. दीड-दोन मिनिटे तो आवाज भिंतीतून झिरपत राही आणि मग थांबे. अण्णांनी नाक्यावर जाणे सोडले होते, पेपर वाचून घेणे सोडले होते, जुन्या सोबत्यांचे फोन ते आईकडे देत. उठण्यासारखे त्यांच्याजवळ एवढेच उरले होते. गाडी गेली तर सकाळी हा माणूस कशासाठी उठेल, हे आईने मला कधी विचारले नाही. पण भाकरी थापता थापता तो आवाज येईपर्यंत तिचा हात परातीवर थांबलेला असे, आणि आवाज आला की पुन्हा चालू लागे.

मला गाडी येत नाही. अण्णांनी एकदा दौलताबादच्या रस्त्यावर मला शिकवायला घेतले होते. क्लच सोडताना गाडी तीनदा बंद पडली, मागून हॉर्न वाजू लागले आणि मी दार उघडून खाली उतरलो. "तू आपली पुस्तकंच सांभाळ," ते म्हणाले. मी खरेच पुस्तके सांभाळतो, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. तेव्हापासून ते मला 'लायब्ररीवाले' म्हणतात. त्या हाकेत राग नाही. राग असता तर उत्तर देता आले असते.

पहिला धक्का दिवाळीनंतर लागला, दुसरा पौषातल्या एका थंड सकाळी. शेळ्या घेऊन निघालेला आमचा शेजारी भिकन दोन्ही वेळा मदतीला आला. मी आणि तो ढकलत होतो आणि अण्णा आत बसून क्लचचे पाहत होते. दुसऱ्या वेळी गाडी फाटकापर्यंत जाऊन एकदाची सुरू झाली.

"अण्णा, हिला बी एक कंडक्टर ठेवा," भिकन धापा टाकत म्हणाला. "धक्का मारायला पॅसेंजर कमी पडतात."

"माझ्या बसला कधी धक्का लागला नाय, भिकन. कन्नडला जाऊन इचार."

"मंग हिलाच कामून लागतो?"

अण्णांनी इंजिन बंद केले. "पहिला धक्का गाडीचा, दुसरा नशिबाचा, तिसरा ड्रायव्हरचा," ते म्हणाले. "तिसरा लागला की माणसानं खाली उतरायचं. आगारात आम्ही हेच म्हणायचो."

त्याच दुपारी आईने कन्नडच्या तात्यासाहेबमामांना हे सांगितले, आणि मामांनी गिऱ्हाईकच शोधले. फर्दापूरचा एक माणूस लेणी पाहायला येणाऱ्यांसाठी छोटी गाडी शोधत होता. "जबरदस्ती नाय," मामा म्हणाले, "तिसरा धक्का लागला की फोन करा, तो येऊन घेऊन जाईल."

मी त्याच आठवड्यात मोंढा नाक्याजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानात शिरण्यापूर्वी समोरच्या फुटपाथवर मी बराच वेळ उभा होतो. काय बोलायचे ते कागदावर लिहून नेले होते: घरगुती वापरासाठी चार्जर, बॅटरी तपासण्याचे यंत्र, बारा व्होल्ट, पस्तीस अँपिअर-अवर.

दुकानदार लतीफभाईंनी तो कागद चष्मा वर करून वाचला. "चिठ्ठी कायको लाए मियाँ, तोंड है ना?" ते हसले आणि काउंटरवर तीन चार्जर ओळीने मांडले.

पहिला लोखंडी पेटीएवढा होता. त्याला काटा होता आणि बारा-चोवीसचे बटण होते. "ये गॅरेजवाल्यांचा. ट्रक, ट्रॅक्टर, सब चलता. पण बटन चुकून चोवीसवर गेलं तर छोट्या गाडीची बॅटरी शिजते. घर में नक्को." दुसरा तळहातात मावेल एवढा, काळा आणि गुळगुळीत. त्यावर निळे आकडे उमटत. भरली की तो आपोआप हात आखडता घेई, आणि त्याला मुळीच आवाज नव्हता. तिसरा करड्या रंगाचा, ओबडधोबड डबा होता.

"ये भी अच्छा है. चार अँपिअर. छोट्या बॅटरीला बस्स झाले, ज्यादा सोडले तर बॅटरी तापते," लतीफभाई म्हणाले. "चिमटे उलटे लागले तर चालूच होत नाही. पण गुणगुणता है. भरत असली तवर घूंऽऽ करतो, भरली की खट्. लोक आवाजालाच कंटाळून परत आणतात." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "वापरणार कोण?"

"मी."

"फिर ये काला लेव. तुम शांत आदमी दिखते."

मी तो मुका चार्जर घेतला. आवाज न होता होणाऱ्या गोष्टींवर माझा नेहमीच विश्वास बसतो. तपासण्याच्या यंत्रांतही दोन प्रकार होते. एकात तार तापवून बॅटरीचा खरा दम पाहता येई, पण ते जड होते आणि हात भाजण्याची भीती होती. दुसरे खिशात मावणारे होते आणि फक्त व्होल्ट दाखवत होते. घरासाठी तेवढे पुरे, असे सांगून लतीफभाईंनी खोक्याच्या पाठीवर पेनाने लिहून दिले: साडेबाराच्या वर ठीक, सव्वाबाराच्या खाली अर्धी, बाराच्या खाली सावधान, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास.

रविवारी आई अण्णांना घेऊन मामांकडे जेवायला कन्नडला गेली. ती दोघे एसटीत बसल्याचा फोन आला, तेव्हा मी बॉनेट उघडले. आपल्याच अंगणात मी चोरासारखा वावरत होतो. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मेणासारखा चिकट थर होता. ग्रंथालयात धूळ पुसण्याची मला सवय. मी तो फडक्याने निपटून काढला, टोके लखलखीत केली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर घेतली, तांबडा चिमटा अधिकाला लावला, काळा उण्याला, आणि मग बटण दाबले. दिवसभर ते निळे आकडे चढत होते. शेवग्याची बारीक पाने बॉनेटवर पडत होती. मी पायरीवर बसून होतो, आणि अण्णांसाठी काहीतरी करताना अण्णा तेथे नसावेत, याचे मला वाईट वाटण्याऐवजी बरे वाटत होते. हे मला त्या दिवशी खटकले नाही.

सोमवारी संध्याकाळी यंत्राने बारा पूर्णांक सहा दाखवले. मंगळवारी पाच. बुधवारी चार. आजारी माणसाचा ताप रोज लिहून ठेवावा तसे मी ते लिहीत गेलो. गाडी कोठेच जात नव्हती, रात्रभर झाकलेली असे, तरी तिच्यातून रोज काहीतरी गळत होते. हे असेच चालले तर तिसरा धक्का आठवड्याभरावर होता.

म्हणून गुरुवारी मी अण्णांच्या आधी उठलो, सकाळच्या वापरानंतर लगेच मोजावे म्हणून. खिडकीचा पडदा थोडा सारून पाहत राहिलो. आजवर मी फक्त इंजिनाचा आवाज ऐकला होता. त्यापूर्वी काय घडते ते कधी पाहिले नव्हते.

अण्णा मफलर गुंडाळून बाहेर आले. हातातल्या दांडक्याने त्यांनी चारी टायर ठोकले आणि प्रत्येक ठोक्यानंतर कान देऊन ऐकले. मग किल्ली अर्धी फिरवली. इंडिकेटरची टिकटिक ऐकली. वायपर लावून काचेवर हात धरला आणि रबर बोटांना घासून जाऊ दिला. शेवटी दिवे लावले आणि गाडीला धरत धरत पुढे आले.

दिव्यांचा उजेड माझ्या खिडकीपर्यंत येत होता. ते त्याच्या समोर उभे होते, आणि तो लागला आहे हे त्यांना कळत नव्हते. त्यांनी उजव्या दिव्याच्या काचेवर तळहात ठेवला. पौषातली काच ती, सहज तापणार नव्हती. ते थांबले. हाताला ऊब लागली तेव्हा त्यांनी मान हलवली आणि डाव्या दिव्याकडे गेले. मग परत आत जाऊन दिव्यांचा झोत वर केला, आणि पुन्हा दोन्हीकडे तसेच. सारे मिळून पाव तास गेला. त्यानंतर त्यांनी इंजिन चालू केले, दोन मिनिटे ऐकले आणि पेट्रोल वाया नको म्हणून बंद केले.

आगारात अशी तपासणी झाली, की बस दिवसभर धावे आणि संध्याकाळी भरलेली परत येई. अण्णांनी बसची सकाळ तेवढी या गाडीला दिली होती. तिच्यापुढचा रस्ता त्यांच्याजवळ नव्हता.

मी पडदा सोडणार, तोच बॉनेट उघडल्याचा आवाज आला. गुरुवारी ते बॅटरीचे पाणी तपासतात हे मी विसरलो होतो. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग हाक आली.

"लायब्ररीवाले!"

मी बाहेर गेलो. अण्णांचा अंगठा बॅटरीच्या टोकावर फिरत होता.

"इथं मी गंज नको म्हणून व्हॅसलीन लावलेलं असतं. कुठं गेलं?"

"मी पुसलं."

"कामून?"

"चार्जर लावला होता. रविवारी, तुम्ही कन्नडला होता तेव्हा."

त्यांनी अंगठा काढून घेतला. "म्हंजे सोमवारपासून ही माझ्या हातानं चालू होत नव्हती."

"बॅटरी उतरत होती, अण्णा. पुन्हा बंद पडली असती."

"मंग पडू द्यायची होती." आवाज चढला नव्हता, चढला असता तर मला सोपे गेले असते. "माघारी दिलेला धक्का बी धक्काच असतो. तिसरा झाला." आणि घराकडे तोंड करून ते म्हणाले, "द्वारके, तात्यासाहेबाला फोन लाव. म्हणावं, तुमचा फर्दापूरवाला पाठवा."

आई दारात आली. "माझे हात पिठानं भरलेत," ती म्हणाली.

"मंग धू."

"आज नाय निघायचं ते पीठ." आणि ती आत निघून गेली.

अंगणात आम्ही दोघेच उरलो. एरवी अशा वेळी मी आत जातो. एखादे पान दुमडून ठेवावे तसे वाक्य मनात दुमडतो आणि दार लावून घेतो. त्या दिवशी पाय हलले नाहीत. मी म्हणालो, "अण्णा, आगारात बॅटऱ्या चार्ज करत नव्हते?"

"करायचे की. फकिरा व्हता इलेक्ट्रिशियन. बॅटरी रूमच व्हती त्याची."

"त्याला धक्का धरायचे?"

 "ते येगळं. संध्याकाळी गाडी लावली की ड्रायव्हर वहीत लिहायचा, बॅटरी मंद हाय म्हणून. मी लिहिलं की फकिरा लावायचा. न लिहिता त्यानं कधी माझ्या गाडीला हात लावला नाय."

माझी चूक माझ्यासमोर फडक्याने पुसल्यासारखी स्वच्छ उभी राहिली. मी त्यांची गाडी वाचवली होती आणि ती त्यांच्याकडूनच काढून घेतली होती. तरीही जे पाहिले होते ते सांगणे भाग होते.

"तुम्ही दिवे तपासता, त्यात पाव तास जातो. बॅटरी तिथंच संपते. बस दिवसभर चालून भरून यायची. ही कुठंच जात नाही."

हे वाक्य क्रूर होते. ते ऐकून अण्णा दिव्याकडे वळले आणि काचेवरचे दव बोटाने पुसू लागले.

"मला दिसत नाय रे, लागलेत का ते," ते म्हणाले. डॉक्टरांकडून आल्यापासून हे ते पहिल्यांदाच बोलत होते. "हात गरम होईस्तोवर थांबावं लागतं. आगारात कंडक्टर उभा राहायचा पुढं. लाईट लागली की 'लागली' म्हणायचा. अर्ध्या मिनिटाचं काम."

 मी विचारले, "मामांना फोन?"

"संध्याकाळी बघू," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत माझ्या हातात एक दिवस होता. दुपारी अर्धी रजा टाकून मी काळा चार्जर पिशवीत घातला आणि मोंढा नाका गाठला. या वेळी फुटपाथवर थांबलो नाही.

"काय झालं मियाँ, बिघडला?"

"नाही. वापरणारा बदलला. वडील वापरणार आहेत, आणि त्यांना दिसत नाही. यावरचे आकडे त्यांच्या कामाचे नाहीत."

 लतीफभाईंनी करडा डबा काढला आणि काउंटरवर एक बॅटरी ओढून ठेवली. "आँख मीचो," ते म्हणाले. "आता लावा. तुम्हाला जमलं तर त्यांना जमेल."

दुकानात चार गिऱ्हाईके होती. मी डोळे मिटले. कोणीतरी हसले. मी चाचपडत चिमटे लावले. डबा गप्पच राहिला. उलटे लागले होते, तरी ठिणगी नाही, काही नाही. ते बदलून लावले आणि माझ्या हाताखाली तो डबा गुणगुणू लागला. ज्या आवाजासाठी मी त्याला नाकारले होते, तोच आवाज मी डोळे मिटून ऐकत राहिलो. "बस्स मियाँ, आँख खोलो, जम गया," असे लतीफभाई म्हणाले, तेव्हा भानावर आलो.

घरी पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. अण्णा गाडीजवळ खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर आईचा फोन होता. मी डबा त्यांच्या हातात दिला.

"अण्णा, बॅटरी मंद आहे. मी मोजली, बारा पूर्णांक तीन. चार्जिंगला लावायची का?"

त्यांनी डबा फिरवून पाहिला, म्हणजे बोटांनी पाहिला. "घूं करतो का हा?"

"भरेपर्यंत करतो. भरली की खट्."

ते उठले. फोन खुर्चीवर राहिला. त्यांनी बॅटरीची दोन्ही टोके अंगठ्याने दाबून पाहिली. "जाड ते प्लस. फकिरानं शिकवलेलं. अंधारात बी चुकत नाय." चिमट्यांच्या वायरीतली एक त्यांनी दोन बोटांत धरली. "ही तांबडी का?"

"ती काळी."

"हिला गाठ मार. उद्या तू नसशील तर?"

मी काळ्या वायरीला सुतळीची गाठ मारली. त्यांनी चिमटे स्वतः लावले, मी आत जाऊन बटण दाबले, आणि अंगणात ती गुणगुण सुरू झाली.

"पितीय," अण्णा म्हणाले.

मी पायरीवर बसलो. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. आमच्या दोघांत नेहमीसारखीच शांतता होती, पण आज तिच्या मधोमध एक आवाज चालू होता आणि आम्ही दोघेही तोच ऐकत होतो. जेवणाच्या सुमाराला डब्यात खट् झाले. आईने दारातून विचारले, "मंग, हा धक्का धरायचा का? माझे हात धुतलेत आता."

"सांगून लावलंय," अण्णा म्हणाले. "ह्याला धक्का म्हणत नाय. तुझा फोन उचल तेवढा इथनं, दव पडंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीच्या पुढे, दहा पावलांवर उभा होतो. दांडक्याचे चार ठोके झाले. टिकटिक झाली. मग एकदम माझ्या तोंडावर उजेड आला.

"लागली," मी म्हणालो.

"काय?" आतून आवाज आला.

"लागली."

"घाटात वारं असतं, लायब्ररीवाले. असा आवाज पोचत नाय."

रस्त्यावर भिकन शेळ्यांसह थांबला होता आणि मजेने पाहत होता. माझे कान तापले. मी श्वास घेतला आणि ओरडलो, "लागली!" एक करडू दचकून त्याच्या पायांत घुसले.

"दोन्ही?"

"दोन्ही!"

"वरची?"

"लागली!"

"आयला, बोलतंय की हे," भिकन म्हणाला.

इंजिन एका फटक्यात सुरू झाले. मी जवळ जाऊन यंत्र लावले. "चौदा पूर्णांक दोन," मी मोठ्याने सांगितले. अण्णांनी ऐकले, मान हलवली आणि इंजिन नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ चालू ठेवले. उतरताना त्यांचा हात हवेत आधार शोधू लागला. मी खांदा पुढे केला. खांद्यावर टेकलेला त्यांचा तळहात थंड होता. आज तो कोणत्याही काचेवर थांबला नव्हता.

"उद्या जरा लवकर ये," ते म्हणाले. "आन् कानटोपी घाल. थंडी हाय."